टिकलीचा डावा कान

आमच्या टिकलीला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही, ही गोष्ट घरात सर्वांत आधी ओळखली ती माझ्या सासूबाईंनी, आणि त्यांना ती ओळखता आली याचे कारण त्यांचा स्वतःचा उजवा कान गेली बारा वर्षे निकामी आहे. टिकली ही डाल्मेशियन जातीची कुत्री. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून मुलीने तिचे हे नाव ठेवले. अडीच वर्षे ती आमच्या नाशिकच्या घरात वावरत होती, हाक मारली की येत होती, आणि फ्रिजचे दार उघडल्याचा आवाज तर तिला गच्चीवरूनही ऐकू येत असे. तिच्या कानांविषयी शंका घ्यावी असे काही आम्हाला कधी वाटलेच नाही. एका दुपारी आई स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही माझ्यासारखी मान फिरवते. हाक ऐकू येते हिला, पण कुठून आली ते कळत नाही."

त्यानंतर आठवडाभर मी लक्ष ठेवले. अंगणात ती उभी असताना मी तिच्या डाव्या बाजूने, जिन्याखालून हाक मारली, तर ती आधी उजवीकडे वळली, मग पुढे पाहिले, मग पूर्ण गिरकी घेऊन मला शोधले, आणि मी दिसल्यावर शेपूट हलवत आली. एवढ्या वेळात एखाद्या कुत्र्याने दोनदा येऊन हात चाटला असता. रात्री ती डाव्या कुशीवर झोपली की गेटची कडी वाजताच उठत असे. उजव्या कुशीवर, म्हणजे उजवा कान फरशीला दाबून झोपली असेल, तर कुकरची शिट्टी डोक्यापाशी वाजली तरी तिचा श्वासही बदलत नसे. हे सगळे अडीच वर्षे आमच्या डोळ्यांसमोर चालले होते आणि आम्ही त्याला "गाढ झोपते बिचारी" असे म्हणत होतो.

हा शोध नको त्या वेळी लागला, असे तेव्हा मला वाटले होते, कारण त्याच सुमारास टिकलीच्या मेटिंगची बोलणी पक्की होत आली होती. देवळाली कॅम्पाकडे राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडे उत्तम बांध्याचा नर होता. पुढच्या हीटला, म्हणजे ती माजावर येईल तेव्हा, अकराव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास टिकलीला त्यांच्याकडे न्यायचे, पैसे काही घ्यायचे नाहीत, पिल्ले झाली की नराच्या मालकाने पहिले पसंतीचे पिल्लू उचलायचे, असा रिवाजाप्रमाणे व्यवहार ठरला होता. दोन पिल्ले नात्यात आणि एक माझ्या बँकेतल्या सहकाऱ्याकडे जाणार, हेही ठरले होते. आईंनी तर जुन्या नऊवारी लुगड्यांच्या घड्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. टिकलीला एकदा तरी आईपण मिळावे हा मुळात त्यांचाच हट्ट होता.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिच्या मागे उभे राहून टाळी वाजवली, टिकलीने मान वळवली, आणि ते म्हणाले की ऐकू तर येते आहे. त्यात त्यांचा दोष नाही. एक कान शाबूत असलेला प्राणी खोलीतल्या टाळीला उत्तर देणारच, त्यामुळे टाळी वाजवून, किल्ल्या खुळखुळवून किंवा शिट्टी मारून एका कानाचे बहिरेपण पकडता येत नाही. त्यासाठी तीच चाचणी करावी लागते जी नवजात बाळांची करतात आणि जिला आपल्याकडे आईबाप "बेरा टेस्ट" म्हणून ओळखतात. बाळासाठी ती कोणत्याही बऱ्या शहरात होते. कुत्र्यासाठी ती करणारी जागा शोधायला मला तीन आठवडे फोनाफोनी करावी लागली, आणि शेवटी आम्ही टिकलीला मागच्या सीटवर घालून कसारा घाट उतरून मुंबईतल्या एका खासगी दवाखान्यात गेलो.

चाचणी फार वेळ चालली नाही. हलकी गुंगी देऊन तिच्या डोक्याच्या कातडीखाली केसासारख्या बारीक तीन सुया टोचल्या, एका कानात छोटासा इअरफोन घातला आणि दुसऱ्या कानाने चोरून ऐकू नये म्हणून त्यात सतत खरखर सोडली. इअरफोनमधून टक टक टक असा आवाज जातो, आणि तो ऐकू आला तर कानापासून मेंदूच्या बुंध्यापर्यंत जाणारे विजेचे तरंग पडद्यावर डोंगररांगेसारखे उमटतात; आवाज झाल्यापासून एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत सगळे शिखर-दरीचे चित्र पूर्ण होते. उजव्या कानाची रांग उमटली तेव्हा मला उगाचच सह्याद्री आठवला. मग डावा कान. आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला, आणि पडद्यावर एक जवळजवळ सपाट रेघ तशीच पुढे सरकत राहिली. तिथल्या डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, "हा जन्मापासूनच असा आहे. हिला त्याचा त्रास काही नाही. पण पिल्लं घेणार असाल, तर बसून बोलू या."

आम्ही तासभर बसलो, आणि घरी आल्यावर पुढचे काही आठवडे मी मिळेल ते वाचत राहिले. जे समजले ते असे. कुत्र्याच्या अंगाचा पांढरा रंग हा बहुतेक वेळा रंग नसून रंगाचा अभाव असतो. गर्भात रंगद्रव्याच्या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघून अंगभर पसरतात. डाल्मेशियनमध्ये त्यांचे पसरणे फार अपुरे राहते, म्हणून पिल्ले जन्मतात तेव्हा पांढरीशुभ्र असतात आणि ठिपके साधारण दोन आठवड्यांनंतर हळूहळू वर येऊ लागतात. याच पेशी आतल्या कानात, शंखासारख्या वळलेल्या नळीच्या भिंतीतही लागतात; तिथे त्यांचे काम रंग देण्याचे नसून त्या नळीतल्या द्रवातले क्षारांचे प्रमाण टिकवण्याचे असते. त्या तिथे पोचल्या नाहीत तर नळीचे अस्तर सुकते आणि आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मरून जातात. पिल्लाची कानाची भोके उघडतात तीच मुळी दोन आठवड्यांची झाल्यावर. म्हणजे ऐकू येण्याचे दार उघडते न उघडते तोच ते आतून बंद होते, एका बाजूचे किंवा दोन्ही. पांढरी, निळ्या डोळ्यांची मांजरे बहुधा बहिरी असतात हे डार्विननेही लिहून ठेवले होते, आणि कपाळावर पांढरी बट, फिकट निळे डोळे व बहिरेपण अशी जोडी माणसांच्या काही घराण्यांतही आढळते. मूळ गोष्ट सगळीकडे तीच आहे.

हे प्रमाण किती, हे वाचून मी खरोखर दचकले. अमेरिकेत पाच हजारांहून अधिक डाल्मेशियनांची अशी चाचणी झाली, त्यात साधारण 22 टक्के एका कानाने आणि 8 टक्के दोन्ही कानांनी बहिरे निघाले. ब्रिटनमध्ये 1992 ते 2019 या काळात तपासलेल्या जवळपास नऊ हजार पिल्लांत हे एकत्रित प्रमाण 18 टक्क्यांच्या आसपास आले. निळ्या डोळ्यांच्या कुत्र्यांत बहिरेपण अधिक, आणि जन्मतःच अंगावर मोठा काळा डाग घेऊन आलेल्यांत ते कमी, असेही दिसून आले आहे, कारण तो डाग म्हणजे रंगद्रव्याच्या पेशी थोड्या दूरवर पोचल्याची खूण असते. गंमत अशी की प्रदर्शनाच्या नियमांत हाच मोठा डाग दोष धरला जातो आणि सुटे, गोल, नाण्याएवढे ठिपके हे सौंदर्य. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी डागवाली पिल्ले बाजूला काढून देखणी तेवढी पुढे लावली, आणि त्याची किंमत कानांनी चुकवली. टिकलीच्या अंगावर एकही मोठा डाग नाही. ती आणली तेव्हा विकणाऱ्याने हीच गोष्ट मला अभिमानाने दाखवली होती.

आता मुख्य प्रश्न. एक कान चांगला असलेली कुत्री सुखाने जगते, तेव्हा तिला पिल्ले होऊ द्यायला हरकत कसली? माझे पहिले मत हेच होते, आणि घरातल्या सगळ्यांचेही. पण आनुवंशिकतेच्या हिशेबात अर्धे बहिरेपण असे काही नसते. एका कानाने बहिरी आणि दोन्ही कानांनी बहिरी या दोन कुत्र्यांत वारशाने आलेला दोष तोच असतो. पेशी डाव्या कानात पोचल्या की उजव्या, की दोन्हींकडे चुकल्या, हा पुष्कळसा नशिबाचा भाग. टिकलीच्या बाबतीत नशिबाने उजवी बाजू सांभाळली, तिच्या पिल्लांच्या बाबतीत सांभाळेलच असे नाही. त्यातून हा दोष एका जनुकाचा नाही, त्यामुळे रक्ताची किंवा लाळेची तपासणी करून कोण वाहक आणि कोण निर्दोष हे सांगता येत नाही. दोन्ही कान चांगले असलेल्या जोडीलाही बहिरी पिल्ले होतात. आईबापांपैकी एक बाधित असेल तर ती शक्यता बरीच वाढते. डाल्मेशियन मादीला एका वेळी आठ-दहा पिल्ले सहज होतात. मी कागदावर मांडून पाहिले: टिकलीच्या दहातली तीन-चार कोणत्या ना कोणत्या कानाने बहिरी, आणि त्यांत एखादे तरी पूर्ण बहिरे, असे धरून चालावे लागले असते. तो अंदाज होता आणि प्रत्यक्षात एकही निघाले नसते असेही होऊ शकते. पण अंदाज आपल्या सोयीने निघेल यावर भिस्त ठेवून दहा जीव जन्माला घालायचे, हे मला जड वाटू लागले.

तरीही मी लगेच "नाही" म्हणाले नव्हते, हे इथे कबूल केले पाहिजे. मी आधी टिकलीला जिथून आणले होते तिथे फोन केला. तिच्या भावंडांचे काय झाले, त्यांपैकी कोणी बहिरे होते का, एवढेच विचारायचे होते. समोरून उत्तर आले, "ताई, अडीच वर्षांनी तक्रार?" तक्रार नाही, माहिती हवी आहे, असे सांगितल्यावर ते जरा मऊ झाले आणि म्हणाले की सगळी पिल्ले फर्स्ट क्लास होती. बराच वेळ घोळवल्यावर त्यांनी एकाच घराचा पत्ता सांगितला. सिन्नरच्या पुढे, रस्त्याला लागून असलेल्या एका द्राक्षबागेत तिचा भाऊ होता.

एका रविवारी मी आणि माझे यजमान तिथे गेलो. माणसे अतिशय अगत्याची होती. खुर्च्या टाकल्या, आधी पाणी आणि मग चहा आला. कुत्रा मागच्या शेडपाशी साखळीला होता. टिकलीचेच तोंड, तेच पातळ कान, फक्त ठिपके थोडे मोठे. मालक म्हणाले, "दिसायला राजा आहे, पण हट्टी फार. हाकेला म्हणून यायचा नाही. लहानपणी मारून पाहिलं, उपाशी ठेवून पाहिलं, सुधारला नाही. आता तर मागून कुणी गेलं की अंगावर येतो, म्हणून बांधूनच असतो." मी त्याच्या मागच्या बाजूने, हात-दोन हात अंतर ठेवून उभी राहिले आणि स्टीलच्या ताटावर वाटी आपटली. शेडवरचे पारवे उडाले. कुत्र्याने कानसुद्धा हलवला नाही. मग वाऱ्याने माझी ओढणी त्याच्या नजरेच्या कडेला आली असावी, तो एकदम दचकून वळला आणि साखळी ताणून भुंकू लागला. ते भुंकणे रागाचे कमी आणि घाबरल्याचे जास्त होते.

मालकांनी ते पाहिले. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे याला ऐकूच येत नव्हतं?" आणि पुन्हा, माझ्याकडे न पाहता, "मी फार मारलं हो याला."

त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. अडीच वर्षे मीही कुकरच्या शिट्टीला न उठणाऱ्या टिकलीकडे कौतुकाने पाहत होते. आम्ही तासभर थांबून आम्हाला जेवढे माहीत होते तेवढे त्यांना सांगितले: मागून हात लावायचा नाही, आधी समोर यायचे, पायाने जमिनीवर ठोकले तर त्याला धक्का जाणवतो, "ये", "बस", "थांब" यांसाठी हाताच्या खुणा ठरवून घ्यायच्या आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच वापरायच्या, रात्री बॅटरीचा झोत हीच त्याची हाक. बहिरी कुत्री अशा खुणांवर छान शिकतात आणि छान जगतात, हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे, कारण अमेरिकेतल्या या जातीच्या मुख्य क्लबची भूमिका दीर्घकाळ अशी होती की दोन्ही कानांनी बहिरे निघालेले पिल्लू दयामरणाने संपवावे, आणि त्या भूमिकेशी मी मुळीच सहमत नाही. पण बहिऱ्या कुत्र्याला चांगले आयुष्य देणारे घर हे माहिती असलेले, सवड असलेले, कुंपण घातलेले घर असते. माझ्या यादीतल्या घरांपैकी एक तिसऱ्या मजल्यावरचे, दोघेही नोकरीला जाणारे; दुसऱ्या घराचा दरवाजा थेट महामार्गावर उघडतो; तिसरे नराच्या मालकांचे, आणि त्यांना प्रदर्शनासाठी पिल्लू हवे होते. ऐकू न येणारे पिल्लू यांतल्या कोणाला द्यायचे, याचे उत्तर मला परतीच्या वाटेवर देता येईना.

यजमानांनी गाडी चालवता चालवता एक मधला मार्ग सुचवला, आणि तो विचार करण्यासारखा होता. पिल्ले होऊ द्यायची, सगळ्यांची पाच-सहा आठवड्यांची असताना चाचणी करायची, दोन्ही कान चांगले असलेली द्यायची, बहिरे निघाले तर आपण ठेवायचे आणि एका कानाचे असेल ते देताना स्पष्ट सांगायचे. जबाबदार लोक परदेशात जवळपास असेच करतात. फरक इतकाच की ते आईबापांचीही चाचणी आधी करतात आणि बाधित मादीपासून सुरुवात करत नाहीत. शिवाय आमच्या बाबतीत व्यवहार अडत होता. दहा पिल्लांना, नुकतीच पहिली लस झालेली किंवा तीही न झालेली, घाट उतरून अशा दवाखान्यात न्यायचे जिथे पार्व्हो या पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या संसर्गाने आजारी कुत्रीही येतात. त्यापेक्षा चाचणी न केलेली बरी म्हणावे लागेल. आणि एका कानाने बहिरे असलेले पिल्लू मी सांगून दिले, तरी पुढे त्याचे काय? ते देखणे असणार, धडधाकट दिसणार, आणि दोन वर्षांनी कोणाच्या तरी आई म्हणणार की एकदा तरी पिल्ले होऊ देत. मी स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले असते तरी त्याची अंमलबजावणी कोण करणार होते?

कायद्याचेही बघितले. 2017 सालच्या कुत्रा पैदास व विक्री नियमांनुसार पिल्ले विकायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, मादी किमान अठरा महिन्यांची असावी लागते, आठ वर्षांनंतर तिला लावता येत नाही, आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेळा तिची विण होऊ द्यायची नाही, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही, आणि मादी सुदृढ असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला घ्यायचा. टिकलीला आम्ही पंचेचाळीस दिवसांची असताना आणली होती, हे तेव्हा लक्षात येऊन मला ओशाळल्यासारखे झाले. आणि दाखल्याचे म्हणाल, तर तो मला दहा मिनिटांत मिळाला असता. वजन, ताप, हृदय, दात, कातडी, सगळे उत्तम. टाळी वाजवली की मान वळते.

सर्वांत अवघड संभाषण देवळालीच्या गृहस्थांशी झाले, कारण त्यांचा मुद्दा भावनेचा नव्हता. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याच आकड्यांनी जातीतला तिसरा-चौथा हिस्सा बाद होतो. आपल्याकडे मुळात डाल्मेशियन उरलेत किती? असे एकेक बाद करत गेलात, तर उरलेल्यांत आपापसातच लावावं लागेल, आणि मग कान सुधारतील पण दुसरंच काहीतरी डोकं वर काढेल." हे खोटे नाही. लहान समूहातून फार जनावरे वगळली की रक्ताची जवळीक वाढते आणि दडलेले दोष जोडीने वर येतात, हे पैदास करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. याच जातीचा दुसरा दोष त्याचे उदाहरण आहे. शुद्ध डाल्मेशियनांच्या लघवीत युरिक आम्ल इतर कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असते आणि त्यामुळे खडे होतात. तो दोष जातीत इतका सार्वत्रिक झाला होता की जातीच्या आतून तो काढायला निर्दोष कुत्रा उरलाच नव्हता. अखेर 1973 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शेबल नावाच्या आनुवंशिकीतज्ज्ञाने पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या एका कुत्र्याशी संकर केला, पुढच्या प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनच लावले, आणि त्या वंशातल्या कुत्र्यांना तिथल्या केनेल क्लबने 2011 मध्ये नोंदणी दिली. अडतीस वर्षे. मधल्या काळात, 2008 मध्ये, त्या दोषाचे जनुकही सापडले, त्यामुळे आज साध्या चाचणीने तो ओळखता येतो.

मी त्यांना एवढेच म्हटले की हे काम ज्यांनी केले त्यांनी चांगले जनुक आत आणण्यासाठी नियम मोडला. मी टिकलीला लावली तर जातीत नेमके काय आत आणणार आहे? तिच्या कुळातली बहीण-भाऊ दोन्ही बाधित निघालेली, आईबापांची चाचणी नाही, उरलेल्या भावंडांचा पत्ता नाही. तिच्याजवळ इतरांपाशी नाही असे काही असते, दुर्मीळ रक्त असते, तर त्यांच्या मुद्द्याला वजन आले असते. आहे ते एवढेच की ती गोड आहे आणि आमची आहे. शिवाय ब्रिटनमधल्या त्याच नोंदी सांगतात की ऐकू येणारे आईबाप निवडत गेल्याने बहिरेपणाचे प्रमाण त्या तीन दशकांत हळूहळू खाली आले. म्हणजे निवड केल्याने जात संपली नाही, कान सुधारले. शेवटी मी विचारले की तुमच्या नराची चाचणी झाली आहे का. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "तो उत्तम ऐकतो." मी मुंबईच्या दवाखान्याचा नंबर पाठवून दिला. त्यांनी तो वापरला की नाही मला माहीत नाही. आमचे बोलणे त्यानंतर थोडे कमी झाले आहे.

राहिल्या आई. त्यांना आकडे सांगून उपयोग नव्हता, आणि आईपणावाचून कुत्री रोगट होते ही समजूत त्यांच्याच काय, नाशिकमधल्या अर्ध्या घरांत आहे. एकदा विण झाल्याने मादीची प्रकृती सुधारते याला कोणताही आधार नाही. उलट पिशवी काढलेली नसेल तर वय वाढेल तशी गर्भाशयात पू होण्याची भीती वाढते, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावले. त्यांनी ऐकून घेतले, पटले असे काही म्हणाल्या नाहीत. त्या रात्री मी त्यांना सिन्नरच्या भावाचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. साखळी, शेड, पाण्याचे घमेले. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी लग्नानंतरच्या वीस वर्षांत मी ऐकली नव्हती: त्यांच्या माहेरी एक चुलत बहीण होती, तिला सगळे मठ्ठ म्हणत, शाळेतून काढले, पाणी भरायला आणि गुरांमागे ठेवले, ती मठ्ठ नव्हती, तिला ऐकू येत नव्हते, आणि हे घरात कळले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. "मारायचे तिलाही," असे म्हणून आईंनी मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि दिवा मालवायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी लुगड्यांच्या घड्या पुन्हा कपाटात गेल्या. पुढची हीट येऊन गेली; तीन आठवडे टिकलीला दाराआड ठेवताना आणि फाटकाबाहेर जमलेल्या गल्लीतल्या उमेदवारांना पिटाळताना सगळ्यांची पुरेवाट झाली. हीट संपल्यावर लगेच शस्त्रक्रिया करू नये, रक्तपुरवठा जास्त असतो, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून अडीच महिने थांबलो आणि मग तिचे ऑपरेशन करून घेतले. भूल उतरताना ती उजव्या कुशीवर होती, म्हणजे आम्ही काय बोलतो आहोत ते तिला अजिबात ऐकू येत नव्हते. मुलीने तिच्या पंजावर हात ठेवला तेव्हा तिने डोळे उघडले.

सिन्नरहून परवा फोन आला होता. साखळी लांब केली आहे, शेडला जाळीचे कुंपण घातले आहे, आणि कुत्रा आता हात वर केला की बसतो. मालकांचा धाकटा मुलगा त्याला बॅटरीने बोलावतो. मागून कोणी गेले तर अजूनही अंगावर येतो, पण पूर्वीइतका नाही, असे ते म्हणाले.

टाके काढेपर्यंत टिकलीच्या गळ्यात प्लास्टिकचा मोठा कॉलर होता, आणि तो दारांच्या चौकटींना आपटत ती घरभर फिरत असे. दुपारी आई व्हरांड्यात गहू निवडायला बसल्या की ती त्यांच्याजवळ येऊन पडे. खुर्ची कुठे ठेवायची हे आईंनी ठरवून टाकले आहे: टिकलीच्या उजव्या अंगाला. त्यांचा चांगला कान डावा आणि हिचा उजवा, त्यामुळे तशा बसल्या की दोघींचे चांगले कान एकमेकींकडे होतात, आणि मग आई हळू आवाजात तिला काय सांगत असतात ते आतल्या खोलीत आम्हाला ऐकू येत नाही.